मूळ सॉफ्टवेअर खुलं झालं, आता क्लोनचं काय?



एखादं सॉफ्टवेअर कुलपात असतं, म्हणून काही लोक तसंच दुसरं, सर्वांसाठी मुक्त असं, नव्याने लिहायला घेतात. वर्षानुवर्षं राबतात. मग एक दिवस मूळ कंपनीच कुलूप काढते. अशा वेळी त्या क्लोनने पुढे चालावं की थांबावं? आज याबद्दल बोलतो, आणि उदाहरण घेतो जावाचं.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा आणली. ती फुकट मिळत होती, पण बदलून इतरांना वाटण्याची मुभा नव्हती. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. म्हणून १९९८ मध्ये ग्नू क्लासपाथ प्रकल्प सुरू झाला. जावाच्या प्रोग्रॅमना लागणारी लायब्ररी, सनचा कोड न वापरता, पहिल्यापासून लिहायची. काम डोंगराएवढं.

नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जाहीर केलं, की जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली देणार. लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी त्यात एक सवलत होती. तिचं नाव ‘क्लासपाथ अपवाद’. म्हणजे क्लोनने घडवलेली वाट मूळ कंपनीने धरली!

मग काम संपलं? नाही. मे २००७ मध्ये कोड हाती आला, तेव्हा अक्षरं रेखाटण्याचे, आवाजाचे असे काही भाग इतरांच्या मालकीचे म्हणून बंदच होते. जूनमध्ये रेड हॅटने आइस्डटी प्रकल्प सुरू केला आणि क्लासपाथच्या कोडची मदत घेऊन ती भोकं बुजवायला घेतली. जून २००८ मध्ये फेडोरावरचं ओपनजेडीके जावाची अधिकृत चाचणी उत्तीर्ण झालं. क्लासपाथवाले घोषणा ऐकूनच घरी गेले असते, तर?

लष्करात दुसरी तुकडी येणार असा निरोप आला म्हणून कोणी चौकी सोडत नाही. ती तुकडी पोहोचते, सगळं समजून घेते, ताबा घेते. मगच पहिली उतरते. इथेही तेच. तीन प्रश्न विचारावेत. सगळा कोड मिळाला का? कंपनीचा मालक बदलला तरी परवाना टिकेल का? कोणाची परवानगी न घेता बाहेरच्यांना तो कोड बांधून वाटता येतो का?

दुसऱ्या प्रश्नाची परीक्षा लवकरच झाली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. २०१९ पासून ओरॅकलने स्वतःच्या जावा ८ च्या नव्या अपडेट्ससाठी व्यावसायिक वापरावर पैसे लावले. पण ओपनजेडीकेचा कोड मुक्तच राहिला, आणि इतरांनी त्यावरून जावा बनवून फुकट दिली.

कोणी म्हणेल, क्लोन चालू राहिला तर कंपनीवर वचक राहतो. पण तो वचक आता वेगळा कोड काढून पुढे नेण्याच्या हक्कात आहे. तीच लायब्ररी दोनदा लिहीत राहिलो, तर मोजकी माणसं दोन जागी विभागतात आणि दोन्हीकडच्या चुका दुरुस्त व्हायच्या राहतात. क्लोनचा परवाना वेगळा असेल, किंवा मूळ सॉफ्टवेअर जिथे चालत नाही तिथे तो चालत असेल, तर मात्र त्याने जरूर चालावं.

क्लासपाथच्या जोडीने वाढलेला जीसीजे कंपायलर २०१७ च्या जीसीसी ७ मधून काढला गेला. मी त्याला पराभव म्हणत नाही. लोकांना मुक्त जावा मिळावी, एवढ्यासाठीच तो होता, ती मिळाली. आपल्या प्रकल्पाचं नाव टिकवायचं की लोकांचा हक्क, हे थांबण्याच्या वेळी ठरतं.