फिनलंडच्या सरोवरांकाठचे बेरी-बेकिंग
फिनलंडमध्ये सुमारे 1,88,000 सरोवरे असून त्यांच्या काठच्या ‘मोक्की’ नावाच्या लाकडी उन्हाळी घरांत जुलैच्या मध्यापासून जे बेकिंग रंगते, त्याचा मुख्य आधार म्हणजे जंगलात आपोआप वाढणारे, आतूनही गडद जांभळे असणारे ‘मुस्तिक्का’ हे बेरीवर्गीय फळ होय. परक्याच्या जंगलातूनही ही फळे वेचण्याची मुभा तेथे सर्वांना आहे. ताजी फळे ओव्हनमध्ये फुटून भरपूर रस सोडतात आणि तळचे पीठ ओलसर करतात; म्हणून त्यांवर बटाट्याचे सत्त्व, म्हणजे बटाट्यातील स्टार्च, भुरभुरतात, जे उष्णतेने फुगून रस धरून ठेवते. तळासाठी राय, म्हणजे थंड प्रदेशातील गव्हासारखे धान्य, वापरल्यास त्याची खमंग चव या आंबटगोड फळाला निव्वळ मैद्यापेक्षा अधिक शोभते. गोठवलेली फळे मात्र वितळू न देताच घालावीत.