नोस्फेरातूची रात्र

मुर्नौ यांचा ‘नोस्फेरातू’ हा जर्मन भयपट १९२२ सालचा. त्यांतील कथा मात्र १८३८ ची. ‘ड्रॅक्युला’कर्त्या स्टोकर यांच्या विधवा पत्नीची अनुज्ञा घेतली नव्हती, म्हणून १९२५ मध्यें न्यायालयानें त्याच्या प्रती नष्ट करविल्या. कांहीं वांचल्या.

रात्रीचीं दृश्यें दिवसाउजेडीं टिपून फिल्मला निळा रंग देत. कृष्णधवल प्रतींत तो रंग लोपला आणि सूर्यकिरणांनीं मरणारें पिशाच्च भर उन्हांत हिंडूं लागलें! २००६ च्या जीर्णोद्धारानें ते रंग परत आणले. ब्ल्यू-रे तबकडीवर ते घरीं पाहतां येतात.

ओरखडे मोजून तबकडीची पारख करूं नये. काउंट ओर्लोक शवपेटी उचलून निर्जन रस्त्यानें जातो, तें दृश्य लावावें. तेथें रात्र वाटली, तर जीर्णोद्धार सफल झाला.