पहिल्या शेकाच्या आधी

जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक व कर्करोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनो,

या भाषणात मी एकच गोष्ट मांडणार आहे. तरुण बाईला गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे निदान झाले की आपल्या भागातून ती बहुधा नाशिकला, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करुग्णालयात किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात जाते. तिला पुढे मूल होईल का, तिची पाळी टिकेल का, हा प्रश्न तिथे पोचेपर्यंत बऱ्याचदा कोणी काढलेलाच नसतो. तिथे गेल्यावर तपासण्या, रांग, राहण्याची सोय आणि पैसा यांतच सगळ्यांचे लक्ष गुंतते. माझे म्हणणे असे की हा प्रश्न काढण्याची जबाबदारी बायोप्सीचा अहवाल सर्वांत आधी वाचणाऱ्या डॉक्टरची आहे. तो डॉक्टर बहुतेक वेळा जळगावात, धुळ्यात, चाळीसगावात किंवा शिरपुरात बसलेला असतो. म्हणजे तो आपल्यापैकीच कोणीतरी असतो.

इतकी घाई का, ते आकडे सांगतात. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयातला बीजांचा साठा ठरलेला असतो आणि पुढे तो फक्त घटत जातो. वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की दोन ग्रेपेक्षा कमी रेडिएशनलाच अपरिपक्व बीजांपैकी निम्मी मरतात. त्यांच्याच २००५ च्या गणितानुसार अंडाशय कायमचे बंद पडायला विसाव्या वर्षी सुमारे १६.५ ग्रे आणि तिसाव्या वर्षी १४.३ ग्रे पुरतात. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला आपण बाहेरून ४५ ते ५० ग्रे देतो आणि त्यावर ब्रॅकीथेरपी. रोजची मात्रा १.८ ग्रे धरली, तर तिशीतल्या बाईचे अंडाशय आठव्या शेकालाच ती मर्यादा ओलांडतात. उपचार पाच-सहा आठवडे चालतात, पण अंडाशयांचा निकाल दुसऱ्या आठवड्यात लागून गेलेला असतो. ‘शेक संपले की बघू’ या आपल्या नेहमीच्या उत्तराला त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

मग रेडिएशन टाळून शस्त्रक्रियाच का करू नये, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. टाटा रुग्णालयाने ६३५ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा केमोसह रेडिएशन देणे सरस ठरले. रेडिएशनच्या पाच वर्षांनंतर ७६.७ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या आणि दुसऱ्या गटात ६९.३ टक्के. म्हणजे रोग परत येऊ नये असे वाटत असेल, तर रेडिएशन टाळून चालणार नाही. आपल्या हातात उरते ते अंडाशय त्याच्या वाटेतून बाजूला करणे. दुर्बिणीतून दोन्ही अंडाशये त्यांच्या रक्तवाहिन्यांसह मोकळी करायची, कमरेच्या हाडाच्या वर मोठ्या आतड्याच्या बाजूला टाके घालून बसवायची आणि रेडिएशनचे नियोजन करणाऱ्याला दिसावीत म्हणून धातूच्या क्लिपा लावायच्या. ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून माहीत आहे. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात, बाहेरून रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्क्यांचे अंडाशय यामुळे काम करत राहिले. ते शंभर टक्के नाही. विखुरलेले किरण पोचतात, कधी रक्तपुरवठा कमी पडतो आणि चाळिशीनंतर फायदा फारसा नसतो. पण काहीच केले नाही तर जवळपास कोणाचेच अंडाशय टिकत नाहीत.

खानदेशात हे जमेल का, ही शंका मला सर्वांत कमी पटते. याच जिल्ह्यांत कुटुंबनियोजनासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे शिबिरांतून झाल्या आहेत. ज्या दुर्बिणीने आपण हजारो बायकांच्या नळ्या बंद केल्या, तीच दुर्बीण एखादीचे अंडाशय वाचवायलाही चालते. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय महाविद्यालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. शिकायचे आहे ते एवढेच की हे केव्हा करायचे, कोणासाठी करायचे आणि रेडिएशन केंद्राशी आधी कसे बोलून घ्यायचे.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की यात वेळ जातो आणि कॅन्सर थांबत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करून बोलतो. गाठ मोठी असेल, रक्तस्राव थांबत नसेल, तर एक दिवसही घालवू नये. पण बाकीच्यांच्या बाबतीत निदान आणि पहिला शेक यांमध्ये एमआरआय, नियोजन आणि रांगेमुळे काही आठवडे तसेही जातात. अंडाशय वर बसवण्यात त्यांतले थोडेच दिवस लागतात. स्त्रीबीज गोठवायचे असेल, तर हल्ली पाळीची वाट न पाहता कोणत्याही दिवशी इंजेक्शने सुरू करता येतात आणि सुमारे दोन आठवड्यांत बीजे काढता येतात. पिशवीच्या तोंडाशी गाठ असताना ती योनीमार्गे काढू नयेत, एवढे ध्यानात ठेवावे. रोग अंडाशयात पसरलेला असेल, ही भीतीही तपासून घ्यावी. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्क्वॅमस प्रकारात असे शंभरांत एकीलाही होत नाही. ॲडिनोकार्सिनोमात धोका जास्त, तिथे हात आखडता घ्यावा.

दुसरा आक्षेप आपल्या समाजातून येतो: तिला दोन मुले आहेत, आता अंडाशय काय करायचे? महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले, आणि धुळे जिल्ह्याचा आकडा त्याहून बराच वर आहे. त्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी ‘कुटुंब पूर्ण झाले’ असे इथे सहज म्हटले जाते, आणि तेही बहुधा सासू किंवा नवरा म्हणतो. तिच्याशी एकटीशी, तिला समजेल अशा अहिराणीत किंवा पावरीत बोलावे. शिवाय अंडाशयाचे काम मुलांपुरते नाही. ते अवेळी बंद पडले की हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाची लाही होते, आणि शेतात राबणाऱ्या त्या बाईला हे पुढची वीस-पंचवीस वर्षे सोसावे लागते. मूल नको असलेल्या बाईचे अंडाशयही वाचवण्याजोगे आहे.

मूल हवे असेल, तर मात्र तिला खरे सांगायला हवे. ४५ ग्रेपेक्षा जास्त रेडिएशन घेतलेल्या गर्भाशयात गर्भधारणा होऊ देणे योग्य मानले जात नाही. गोठवलेल्या बीजांसाठी सरोगसी लागेल, आणि २०२१ च्या कायद्याने ती विवाहित जोडप्यांना आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा वा घटस्फोटित स्त्रियांनाच खुली आहे. अविवाहित मुलीला नाही. कॅन्सरमधून उठलेल्या मुलीवर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. केमोच्या वेळी अंडाशय झाकण्यासाठी देतात ती गोसेरेलिनसारखी इंजेक्शने रेडिएशनपासून वाचवत नाहीत, हेही तिला सांगा, म्हणजे ती खोट्या भरवशावर राहणार नाही.

पैशाचा प्रश्न उरतो. आयुष्मान भारत योजनेत प्रजननाशी संबंधित उपचार वगळलेले आहेत. कॅन्सरच्या उपचाराने आलेले वंध्यत्व हा उपचाराचाच दुष्परिणाम आहे, म्हणून अंडाशय वर बसवणे आणि बीज गोठवणे यांचा खर्च कॅन्सरच्या पॅकेजमध्येच धरावा, अशी मागणी या परिषदेने आरोग्य खात्याकडे करावी. आणि त्या मागणीचा निकाल लागेपर्यंत, चाळिशीच्या आतल्या प्रत्येक रुग्णेला मुंबई-नाशिकला पाठवताना चिठ्ठीवर तिचे वय, मुले, बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच तपासणी आणि तिची इच्छा एवढे चार मुद्दे लिहा, आणि चिठ्ठी देण्याआधी रेडिएशन केंद्राला एक फोन करा, ही माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.