इंजिन मागे, गाडी पुढे

जळगावात, मेहरूणच्या गॅरेजात बॉनेट उघडलं, की बहुधा इंजिन दिसतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 साली घडवलेल्या इवल्याशा ‘मीरा’ मोटारीत मात्र ते मागे होतं. त्याच सुमारास युरोपात आलेल्या ‘पोर्शे 356’ या छोट्या स्पोर्ट्स कारचंही तेच. पोर्शेचं तर इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे, हवेनं थंड होणारं. त्यामुळे गाडीखालचा लांब शाफ्ट वाचतो, रेडिएटर लागत नाही. वजन गाडी ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर पडतं, म्हणून उचल झकास. पण भर वेगात, वळणावर अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. शिवाय मागे दडलेल्या इंजिनाला समोरचा वारा कुठला? पंख्यानंच हवा मारायची. जळगावच्या मे महिन्यात त्या पंख्याची कीवच यावी! आणि ‘मीरा’? तिची रूपं पुढे बदलत गेली, बाजारात मात्र ती कधीच आली नाही.