कोडमधली यादी

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या मुलामुलींशी आज थोडं बोलायचं आहे.

समजा, तुमच्या हाती कोडची एक ओळ आली. पण ती आली मजकूर म्हणून. संगणकाच्या लेखी ती अजून नुसती अक्षरं, म्हणजे स्ट्रिंग. ओळीत आहे: स्थानके, बरोबरचं चिन्ह, चौकोनी कंस सुरू, वर्धा, पुलगाव, धामणगाव, चांदूर, बडनेरा, कंस पूर्ण. रेडिओवर कोड दाखवता येत नाही, म्हणून आपल्याच लाइनीवरची स्टेशनं घेतली. अशा यादीत, म्हणजे ॲरेत, मोजणी शून्यापासून होते, तेव्हा धामणगावचा क्रमांक दोन. मात्र स्ट्रिंगकडे हाच क्रमांक मागितलात तर स्टेशन मिळणार नाही, एक अक्षर मिळेल.

या स्ट्रिंगमधून खरी यादी काढायची, तर इव्हॅलचा मोह होतो. इव्हॅल ती स्ट्रिंग कोड म्हणून चालवतं. यादी मिळते, हे खरं. पण त्या मजकुरात आणखी जे काही दडलं असेल तेही चालतं, आणि तुमच्या पानाला जे अधिकार आहेत तेच वापरून. परक्याचा मजकूर इव्हॅलला देऊ नये. यात मला तडजोड मान्य नाही.

त्यापेक्षा चौकोनी कंसातला तुकडा कापून घ्या आणि जेसन डॉट पार्सला द्या. ही सोय 2009 मध्ये भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतच आली. ती मजकूर फक्त वाचते, चालवत नाही. पण तिचं सोवळं कडक! नावांभोवतीची अवतरणचिन्हं दुहेरीच हवीत, आणि बडनेऱ्यानंतर स्वल्पविराम राहिला तरी ती अडून बसते.

खरी मेख कापण्यात आहे. प्रत्येक स्टेशनासोबत तिथल्या गाड्यांचीही यादी असली, तर कंसात कंस येतात. पहिल्या बंद कंसाशी कापलंत तर यादी अर्धीच हाती येते. मजकुरातल्या शेवटच्या कंसापर्यंत गेलात तर पुढचा भलताच कोड सोबत येतो. म्हणून मोजत जायचं: कंस उघडला की एक वाढवा, मिटला की एक कमी करा, शून्य झालं की थांबा. अवतरणचिन्हांच्या आतले कंस मोजायचे नाहीत.

कोड फारच गुंतागुंतीचा असेल, तर ॲकॉर्नसारखा तयार पार्सर घ्या. तो कोड न चालवता त्याची रचना झाडासारखी मांडून देतो. त्यातून ॲरे अचूक उचलता येतो.

आणि कोड पाठवणारा ओळखीचा असेल, तर ही सगळी खटपट करण्याआधी त्याच्याकडे यादीची वेगळी जेसन फाइलच मागा.