वेबच्या कारागिराचीं मतें

संगणकावर अथवा मोबाइलवर उमटणारीं पानें रचणें हा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्यास हल्लीं वेब डेव्हलपर असें म्हणतात. अशा मनुष्यास घरांतील कोणी "कोणता फोन घ्यावा?" किंवा "फोटो कोठें ठेवावे?" असें विचारलें, तर त्याचें उत्तर पुष्कळदां अपेक्षेहून निराळें निघतें. फोनची चकाकी, त्याचा कॅमेरा, त्याची किंमत यांविषयीं तो फारसें बोलत नाहीं. उलट तोच विचारतो, "त्यांत ठेवलेलें उद्यां बाहेर काढतां येईल काय? तें दुसऱ्या यंत्रावर उघडेल काय? आणि विकणाऱ्यानें दुकान बंद केलें तर पुढें काय?" नव्या वस्तूच्या आनंदांत असलेल्या माणसास हे प्रश्न अंमळ अशुभ वाटतात. परंतु ते तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवांतून आलेले आहेत. आणि तो अनुभव कोणता हें पाहिलें म्हणजे या मतांचें मर्म ध्यानांत येतें.

जिनीव्हा शहराजवळ सर्न नांवाची भौतिकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. तेथें देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, निरनिराळ्या जातींचे संगणक वापरीत, आणि एकाच्या यंत्रावरील लिखाण दुसऱ्याच्या यंत्रावर सहजीं वाचतां येत नसे. यावर टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकानें मार्च १९८९ मध्यें एक उपाय सुचविला. पान लिहिण्याची एक साधी, कोणत्याही यंत्रास समजेल अशी पद्धति, प्रत्येक पानास एक पत्ता, आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे, एवढाच तो उपाय. त्यासच पुढें वेब म्हणूं लागले. १९९१ च्या ऑगस्टांत ही योजना जगापुढें मांडण्यांत आली. त्या वेळीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाची गोफर नांवाची अशीच एक व्यवस्था अधिक लोकप्रिय होती. १९९३ च्या आरंभीं त्या विद्यापीठानें गोफरच्या कांहीं वापरावर शुल्क आकारण्याचा मनोदय जाहीर केला; आणि सर्ननें ३० एप्रिल १९९३ रोजीं वेबचें सॉफ्टवेअर सर्वांस विनामूल्य खुलें करून टाकलें. वेबच्या यशास दुसरींही कारणें होतीं. तथापि ज्या जमिनीवर भाडें बसण्याची भीति, तीवर घर बांधण्यास कोण धजतो? गोफर मागें पडला, आणि वेब वाढली. सर्नचें तें पहिलें पान २०१३ मध्यें मूळ पत्त्यावर पुन्हां मांडण्यांत आलें. आजच्या ब्राउझरांतही, म्हणजे पानें उघडून दाखविणाऱ्या साधनांतही, तें जसेंच्या तसें वाचतां येतें.

नियम सर्वांचा एक नसला म्हणजे काय होतें, हें रेल्वेच्या उदाहरणावरून कळेल. मुंबई-पुणें लोहमार्ग ब्रॉडगेज, पण पुण्याहून कोल्हापुराकडे जाणारा मार्ग १९७१ पर्यंत मीटरगेज होता. त्यामुळें मुंबईहून निघालेल्या प्रवाशास पुण्यास बोजाबिस्तरा उतरवून गाडी बदलावी लागे. गाडी चांगली कीं वाईट हा प्रश्नच नव्हता. रूळ जुळत नव्हते. वेबवरही असे न जुळणारे रूळ एकदां पडले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर विंडोजबरोबरच मिळत असल्यानें घरोघर पोंचला. त्याची सहावी आवृत्ति २००१ मध्यें निघाली. पुढें तुल्यबळ प्रतिस्पर्धी न उरल्यानें सातवी निघण्यास २००६ साल उजाडलें. मधल्या काळांत पुष्कळ पानें या एकाच ब्राउझरच्या लहरी सांभाळून रचलीं गेलीं. दक्षिण कोरियांत तर बँकव्यवहाराची सुरक्षाव्यवस्थाच त्याच्या ॲक्टिव्ह-एक्स नामक जोडावर उभारली गेली, आणि त्यापायीं तेथील नागरिकांस वर्षानुवर्षें त्याच साधनास चिकटून राहावें लागलें. २००४ मध्यें फायरफॉक्स व २००८ मध्यें क्रोम आला, तेव्हां ही कोंडी फुटली. आणि १५ जून २०२२ रोजीं खुद्द मायक्रोसॉफ्टनें आपल्या त्या ब्राउझरास निवृत्त केलें. आज क्रोमचें प्राबल्य आहे. केवळ क्रोमवर तपासून पान प्रसिद्ध करणाऱ्या तरुणावर जुना कारागीर रागावतो, तो या आठवणीमुळेंच.

दुसरें उदाहरण फ्लॅशचें. पानावर हलतीं चित्रें, खेळ आणि मुलांचे धडे दाखविण्यासाठीं फ्लॅशचा एके काळीं सर्रास उपयोग होई. तें तंत्र ॲडोबी कंपनीच्या मालकीचें. २००७ मध्यें निघालेल्या आयफोननें त्यास थारा दिला नाहीं. ३१ डिसेंबर २०२० रोजीं ॲडोबीनें आपला आधार काढून घेतला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तिचें फ्लॅशचें साधन मजकूर दाखविण्याचेंच नाकारूं लागलें. हौशी संग्राहकांनीं खटपट करून त्यांतील पुष्कळसें वांचविलें. पण ज्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं, तें गेलें. १९९१ चें साधें पान वाचतां यावें आणि २०११ चा रंगीबेरंगी धडा उघडूं नये, यांतील विरोध विचार करण्याजोगा आहे.

विकत घेतलेल्या वस्तूचीही हीच कथा. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' व 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या कांहीं प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. त्या प्रती हक्क नसलेल्या विक्रेत्यानें विक्रीस ठेवल्या होत्या, हें कारण खरें होतें. कंपनीनें पैसे परत केले, आणि तिच्या प्रमुखांनीं जाहीर क्षमाही मागितली. परंतु एका विद्यार्थ्यानें वाचतां वाचतां केलेलीं टिपणें निराधार झालीं; टिपणें उरलीं, आणि तीं ज्या ओळींविषयीं होतीं त्या ओळी नाहींशा झाल्या. २०१९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हांही ग्राहकांस पैसे मिळाले, पुस्तकें मात्र राहिलीं नाहींत. म्हणून कारागीर म्हणतो, "पैसे दिले एवढ्यावरून वस्तु आपली झाली असें समजूं नये, किल्ली कोणाच्या हातीं आहे तें पाहावें."

मराठी घरांस हा प्रश्न विशेष जवळचा आहे. संगणकास अक्षर कळत नाहीं, संख्या कळते. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. १९९० नंतरच्या दशकांत मराठी टंकलेखनाचीं जीं सॉफ्टवेअरें घरोघर व छापखान्यांतून चालूं लागलीं, त्यांतील पुष्कळांनीं रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसविले. आणि कोणता आकार कोठें बसवावा हें ज्यानें त्यानें आपल्या सोयीनें ठरविलें. तो विशिष्ट फाँट यंत्रावर असला तर पत्र मराठी दिसे. नसला तर तेंच पत्र म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग. मराठी वृत्तपत्र वेबवर वाचण्यापूर्वीं त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे, हें पुष्कळांस स्मरत असेल. जगांतील सर्व लिप्यांस क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ मध्येंच निघाली होती, आणि तींत देवनागरीचा समावेश होता. 'क'चा क्रमांक २३२५ आणि आपल्या 'ळ'चा २३५५. हे क्रमांक कोणा एका कंपनीच्या मर्जीचे नव्हत. विंडोज २००० पासून सामान्य संगणकांवर त्यांची सोय होऊं लागली, आणि आज नागपुरांत लिहिलेला मराठी निरोप लंडनमध्यें कोणत्याही फोनवर वाचतां येतो, तो याच सार्वजनिक नियमाच्या पुण्याईनें. परंतु जुन्या फाँटांत अडकलेलें लिखाण थोडें नाहीं. कोणाची कुळाची हकीकत, कोणा मंडळाचीं इतिवृत्तें, कोणाचा अप्रकाशित काव्यसंग्रह त्यांत पडून आहे. तें युनिकोडमध्यें उतरविणारीं साधनें उपलब्ध आहेत. मात्र मूळ फाँट कोणता होता हें ठाऊक असावें लागतें. तें सांगूं शकणारें माणूस घरांत आहे, तोंवरच हें काम सुलभ आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं मोठ्या कंपन्यांचीं साधनें सोयीचीं असतात, आणि खुलें तेवढें सगळें चांगलें असें थोडेंच आहे? आक्षेप रास्त आहे. मोबाइलचा उपयोग आजीबाईंपर्यंत पोंचला, याचें श्रेय कंपन्यांच्या कौशल्यास दिलेंच पाहिजे. शिवाय खुल्या वस्तूसही राखणदार लागतो. वेबवरील गुप्त व्यवहार सुरक्षित ठेवणारें ओपन-एसएसएल हें खुलें सॉफ्टवेअर अगणित संकेतस्थळें फुकट वापरीत होतीं. एप्रिल २०१४ मध्यें त्यांत 'हार्टब्लीड' नांवाचें भयंकर छिद्र उघडकीस आलें, तेव्हां लोकांस कळलें, कीं त्याची निगा अवघीं मूठभर माणसें राखीत होतीं. सार्वजनिक विहिरीचें पाणी सर्वांनीं भरावें आणि गाळ कोणींच काढूं नये, अशांतला तो प्रकार. त्यानंतर बड्या कंपन्यांनीं त्या कामास वर्गणी देण्यास आरंभ केला. कारागिराचें म्हणणें कंपन्यांविरुद्ध नाहीं. सोय कोठलीही घ्यावी, पण ती सोडून जाण्याची वाट आधीं पाहून ठेवावी, एवढेंच त्याचें म्हणणें आहे.

गृहस्थानें मग काय करावें? फोटो आणि कागदपत्रें यांची एक प्रत कंपनीच्या जागेंत ठेवली, तर दुसरी घरांतील स्वतंत्र तबकडीवर ठेवावी. मजकूर युनिकोडमध्यें लिहावा. जपून ठेवावयाचा दस्तऐवज पीडीएफसारख्या, चित्र जेपेगसारख्या प्रसिद्ध व सर्वमान्य स्वरूपांत ठेवावें. पीडीएफ २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक झालें आहे. नव्या साधनांत वर्षांचा संसार भरण्यापूर्वीं दहा फोटो घालून ते पुन्हां बाहेर काढून पाहावे. निघाले तर पुढें जावें. वर्षांतून एकदां, दिवाळीची साफसफाई करतांना, जुन्या तबकड्याही उघडून पाहाव्या, आणि ज्या उघडत नाहींत त्यांवर काय होतें हें घरांतील वडील मंडळींस विचारून घ्यावें. पितळेच्या डब्यांतील जुनीं पत्रें पणजोबांपासून आपल्यापर्यंत आलीं, कारण कागद वाचावयास कोणाची परवानगी लागत नसे. आपलीं पत्रें पणतवंडांस वाचतां यावींत, असें ज्यास वाटतें, त्यानें तीं अशाच स्वरूपांत ठेवावीं.