निखळलेले चाक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कुणीतरी आरोग्यावर नाहीतर संस्कारांवर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषयही माझ्यावरच सोपवला. मी विमानाच्या चाकाविषयी बोलणार म्हटल्यावर त्या जरा गप्प झाल्या. पण माझे कारण ऐका.

माझी भाची विमान चालवायला शिकते आहे. तिने हे घरी सांगितले तेव्हा सर्वांत मोठा विरोध केला तो मी, तिच्या सख्ख्या आत्याने. “दादा, पोरीच्या जिवाशी खेळ मांडू नकोस,” असे मी भावाला बजावले. त्याने ऐकले नाही. वहिनी काहीच बोलल्या नाहीत; पण पोरीचे पहिले उड्डाण होते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला मागाहून कळले.

मला धास्ती होती ती उतरण्याची. वर गेलेले विमान खाली यायचेच, आणि नेमके तेव्हा चाक नसले तर? मी हे भाचीला विचारले, तेव्हा तिने माझी थट्टा केली नाही. तिने मला नागपूरची हकीकत सांगितली.

6 मे 2021. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. नागपूरच्या विमानतळावरून रुग्णाला नेणारे एक छोटे विमान निघाले. बीचक्राफ्ट किंग एअर सी-90 जातीचे, दोन पंख्यांचे. रुग्ण, डॉक्टर, वैमानिक असे सारे मिळून आत पाच जीव. विमान धावपट्टी सोडते न सोडते तोच त्याचे एक चाक निखळून खाली पडले.

आता गंमत पाहा. गंमत कसली म्हणा! वैमानिकाला आपल्या विमानाची चाके बसल्या जागेवरून दिसत नाहीत. त्याच्यासमोर तीन हिरवे दिवे असतात, तेवढाच त्याचा आधार. पण ते दिवे चाकाचा दांडा खाली येऊन पक्का बसला की नाही, एवढेच सांगतात. दांड्याच्या टोकाला चाक आहे की नाही, हे दिव्याला काय ठाऊक? ते पाहिले खाली पहाऱ्यावर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाने. आपल्याला भास झाला असेल, दुसरे कुणीतरी सांगेलच, असे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. त्याने तत्काळ वर्दी दिली, आणि ती विमानापर्यंत पोहोचली.

विमान मुंबईकडे वळवण्यात आले. आता मला वाटले होते, दोन चाके शिल्लक आहेत ना, मग त्यांवर सावरून उतरावे. भाची म्हणाली, “आत्या, बैलगाडीचे एक चाक गेले तर काय होते?” गाडी त्या अंगाला कलते आणि गरकन फिरते. विमानाचेही तसेच, फक्त वेग कितीतरी जास्त. पंखाचे टोक जमिनीत रुतायचे, आणि पंखातच तर इंधन. त्यापेक्षा उरलेली चाकेही पोटात घेऊन विमान सरळ पोटावर घसरू द्यावे, हे बरे. वैमानिक कॅप्टन केसरी सिंग यांनी तेच केले. मुंबईच्या धावपट्टीवर फोम पसरून ठेवला होता, घासताना ठिणग्या उडून पेट घेऊ नये म्हणून. बंबवाले आणि डॉक्टर सज्ज उभे होते. रात्री नऊ वाजून गेल्यावर ते विमान पोटावर उतरले, घसरत गेले आणि थांबले. आग लागली नाही. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

मी हे ऐकत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वैमानिकापेक्षा तो रुग्णच अधिक येत होता. आधीच जिवाच्या आकांताने निघालेला माणूस, त्यात हे! त्याला कुणी सांगितले असेल का? मी असते तर मला सांगू नये असेच मला वाटले असते. भाचीचे मत उलट आहे. तिच्या मते बसलेल्याला सांगावे, म्हणजे तो पट्टा घट्ट आवळून वाकून बसतो. आमचे यावर अजून एकमत झालेले नाही.

आपल्या एकलहऱ्याच्या आकाशात गांधीनगरच्या लष्करी वैमानिक शाळेची हेलिकॉप्टरे घरघरत असतात. त्यांतल्या चीता हेलिकॉप्टरला तर मुळी चाकेच नाहीत, खाली नुसत्या दोन आडव्या नळ्या. इतकी वर्षे त्यांच्या आवाजाने दुपारची झोप मोडते म्हणून मी कुरकुरत होते, पण मान वर करून कधी नीट पाहिले नव्हते. आता पाहते.

भाची शिकते त्या लहान विमानाची चाके पोटात जात नाहीत, ती कायमची खालीच असतात. तरी प्रत्येक उड्डाणाआधी तिला विमानाभोवती पायी एक फेरी घालावी लागते. चाकांतली हवा, ब्रेक, दांडे, सारे डोळ्यांनी पाहायचे आणि हात लावून तपासायचे. तिच्या आधी दुसऱ्याने तपासले असले तरीही.

मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. मी तिला ओवाळले आणि आधी केलेल्या विरोधाबद्दल चार शब्द बोलायचे ठरवले होते, ते घशातच राहिले. वहिनी मात्र आता रोज सकाळी तिला फोन करतात. पूर्वी जेवलीस का म्हणून विचारीत. आता पहिला प्रश्न असतो, “चाके पाहिलीस ना गं?”